‘तूच काउन्सेलर, तुला गं कशाला काउन्सेलर?’

पत्र

ताई,

मी सांगलीत समुपदेशक आहे. वय बत्तीस. सकाळी एका शाळेत नोकरी, संध्याकाळी विश्रामबागेत भाड्याच्या दोन खोल्यांत स्वतःची प्रॅक्टिस. सहा वर्षं झाली, काम आवडतं. पण गेले दोन महिने पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागतच नाही. गेल्या महिन्यात दहावीतली एक मुलगी वडिलांच्या पिण्याबद्दल बोलत होती. मी ऐकायचं सोडून तिला उपदेश करत सुटले आणि सेशन दहा मिनिटं आधीच संपवलं. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. सुपरव्हिजनमध्ये (म्हणजे आपलं काम ज्या अनुभवी समुपदेशकाला दाखवून घेतो, त्या भेटीत) सांगितलं, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, “तू स्वतः थेरपी घ्यायचा विचार कर.”

तेव्हापासून डोक्यात तेच. क्लायंटना देते त्या विचारांच्या नोंदी (कधी काय विचार आला, ते लिहायचा तक्ता) स्वतःच स्वतःसाठी भरून पाहिल्या. मला तंत्रं सगळी माहीत आहेत. समोरची बाई काय विचारणार आणि का विचारणार हे मला आधीच कळणार, मग उपयोग काय? शिवाय इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. माझ्याच एखाद्या क्लायंटने मला तिथे बाकावर बसलेलं पाहिलं तर? आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “तूच लोकांना शहाणं करतीस, तुला गं कशाला पायजे काउन्सेलर?” मलाही ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ असंच वाटतंय. माझे वडील पाच वर्षांपूर्वी गेले, पण ते कारण नाही.

जाऊ का? आणि गेले तर तिथे नेमकं काय होतं?

– एक कोरडा पाषाण

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

उत्तर

प्रिय पाषाणबाई,

सही वाचून हसू आलं. मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. ‘जा’ एवढं उत्तर खरं तर पुरे होतं. पण तिथे काय होतं हे तुम्ही विचारलंय, आणि मीही समुपदेशकच, मी थेरपीला गेले तेव्हा ते मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

आधी झोपेचं उरकू. दोन महिने पहाटे तीनला जाग येत असेल तर थेरपिस्टच्या आधी डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून घ्या, आणि गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तुमच्या क्लायंटने हेच सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्याच भेटीत हे सुचवलं असतं. आणि जगणं नकोसं वाटण्याचा विचार त्या तीन वाजता एकदा जरी डोकावत असेल, तर भेटीच्या वेळेची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तुम्ही शाळेच्या फळ्यावर लावला असेलच. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं, आणि समुपदेशकांनी तो फिरवू नये असा काही नियम नाही.

आता ब्रह्मज्ञान. ही म्हण उपदेश करणाऱ्यांसाठी आहे, आणि उपदेश करणं हे आपलं काम नाही. सहा वर्षांत ती तुम्हाला एकदाच लागू पडली, त्या मुलीच्या सेशनमध्ये, कारण त्या दिवशी तुम्ही खरंच ब्रह्मज्ञान सांगत होतात. तेव्हा हा आरोप बाकीच्या सहा वर्षांवर पसरू देऊ नका.

स्वतःच्या नोंदी स्वतःच भरून पाहिल्यात, हे बरं केलंत. आपल्यातल्या बहुतेकांनी ते केलंय. थेट मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्यापासून. १८९७ साली व्हिएन्नात तो स्वतःचंच विश्लेषण करत बसला होता आणि बर्लिनच्या आपल्या मित्राला, फ्लीसला, त्याबद्दल पत्रांवर पत्रं लिहीत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यानेच लिहून टाकलं की खरं आत्मविश्लेषण अशक्य आहे, नाहीतर आजार उरलेच नसते. पुढे चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, एक्याऐंशी वर्षांच्या फ्रॉइडने लिहिलं की विश्लेषकाने दर पाचेक वर्षांनी पुन्हा स्वतः पेशंटच्या कोचावर जावं आणि त्याची लाज वाटून घेऊ नये. फ्रॉइडच्या पुष्कळ गोष्टी मला पटत नाहीत, पण ‘लाज वाटून घेऊ नये’ हे त्याला मुद्दाम लिहावं लागलं याची मला गंमत वाटते. म्हणजे तेव्हाही वाटतच असणार.

मनोविश्लेषणाच्या परंपरेत स्वतःचं विश्लेषण करून घेणं ही प्रशिक्षणाची अटच असते. आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत तशी सक्ती नाही, त्यामुळे आपण ‘थेरपी म्हणजे दुसऱ्याला द्यायची गोष्ट’ असं धरूनच पदवी घेतो. अमेरिकेत जॉन नॉरक्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं थेरपिस्टांच्या पाहण्या केल्या. तिथल्या साधारण तीन चतुर्थांश थेरपिस्टांनी कधी ना कधी स्वतः थेरपी घेतलेली असते, असं त्यांत दिसतं. तेव्हा तुम्ही काही विचित्र करायला निघालेल्या नाही आहात. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. थेरपी घेतलेल्या थेरपिस्टच्या क्लायंटना जास्त फायदा होतो, असं संशोधनातून ठामपणे दाखवता आलेलं नाही. म्हणून ‘चांगली समुपदेशक व्हायचंय’ यासाठी जाऊ नका. मॅडम म्हणाल्या म्हणूनही जाऊ नका. पहाटे तीनला जाग येते, यासाठी जा.

तिथे काय होतं, ते माझ्यावरून सांगते. माझी प्रॅक्टिस तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि ‘आज येऊ शकत नाही’ असा क्लायंटचा मेसेज आला की मला आनंद व्हायला लागला होता. पहिल्यांदा झाला तेव्हा वाटलं, दमले असेन. मग मी सकाळी उठल्या उठल्या फोन बघायला लागले, कोणी रद्द केलंय का. पुण्यात कोणाकडे जायची सोय नव्हती. निम्मे माझे वर्गमित्र, उरलेले माझे विद्यार्थी. म्हणून मुंबईतल्या एक बाई शोधल्या. दर दुसऱ्या शनिवारी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, दादरला उतरायचं, अकराला सेशन.

पहिल्या दिवशी गाडीत बसून मी स्वतःची केस हिस्टरी लिहिली. इंग्रजीत, दोन पानं. तक्रार, कौटुंबिक पार्श्वभूमी, आजार कशाने उफाळला, कशामुळे टिकून आहे, सगळं मथळे देऊन. खंडाळ्याच्या बोगद्यांत दिवे मिणमिणत होते तरी माझं लिखाण चालू. ते कागद मी बाईंच्या हातात दिले. त्यांनी ते शांतपणे वाचले, पेपरवेटखाली ठेवले आणि म्हणाल्या, “छान लिहिलंय. आता मराठीत सांगा. घरी सांगाल तसं.”

मला एक शब्द सुचेना. अकरा वर्षं मी लोकांना ‘तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणत आले होते, आणि माझ्याजवळ माझे शब्दच नव्हते. घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता. (घड्याळ क्लायंटच्या पाठीमागे लावायचं असतं, यांनी समोर का लावलंय, हेही तेवढ्यात मनात येऊन गेलं.) शेवटी तोंडातून निघालं ते असं, “मला कंटाळा आलाय हो माणसांचा.” आणि लगेच इतकी शरम वाटली, की मी तेच वाक्य ‘कम्पॅशन फटीग’ (दुसऱ्यांचं दुःख ऐकून ऐकून येणारा थकवा) घालून पुन्हा सांगायला घेतलं. बाई म्हणाल्या, “नको, आधीचं बरं होतं.”

तुम्ही म्हणता, मला तंत्रं माहीत आहेत, मग उपयोग काय. तंत्र माहीत असल्याने थेरपी चालत नाही असं होत नाही. दातांच्या डॉक्टरला सुई कुठे टोचणार हे माहीत असतं, तरी दाढ बधिर होतेच. अडचण दुसरीकडे आहे. आपल्याजवळ लपायला फार चांगली जागा असते, आपली परिभाषा. सामान्य माणूस रडू आलं की रुमाल काढतो. आपण ‘हे माझं जुनं अटॅचमेंटचं आहे’ असं म्हणतो, आणि रडू परत आत जातं. वर समोरच्या बाईला वाटू शकतं की केवढी समज आहे हिला!

मी सुरुवातीचे दोन-तीन महिने बाईंचं निरीक्षणच करत होते. आता त्या माझंच वाक्य मला परत सांगणार. आता गप्प राहणार. एकदा त्या बराच वेळ गप्प राहिल्या तेव्हा न राहवून विचारलं, “तुम्ही आत्ता थांबलात ते मुद्दाम ना?” त्या म्हणाल्या, “नाही, मला काय बोलावं ते कळत नव्हतं.” त्या दिवसापासून मी परीक्षकाच्या खुर्चीतून उतरले. तुम्हालाही हे होईल. त्यावर उपाय एकच, मनात चाललेली टिप्पणी तिथेच बोलून टाका. ‘तुम्ही आता मला होमवर्क देणार असं वाटतंय आणि त्याचा राग येतोय’ हे चांगलं वाक्य आहे. तुमच्या क्लायंटने म्हटलं असतं तर तुम्हाला किती बरं वाटलं असतं, आठवून बघा.

दुसरी खोड म्हणजे शहाणा क्लायंट होणं. वेळेवर जाणं, गृहपाठ नीट करून नेणं, निघताना ‘आजचं सेशन फार छान झालं’ म्हणणं. एका शनिवारी बाईंना सर्दी झाली होती. मी आलं-गवती चहा सांगितला, वाफ घ्यायला सांगितली, त्यांच्या कामाच्या वेळा विचारल्या, सुट्टी घेता का विचारलं. त्या ऐकून घेत राहिल्या आणि म्हणाल्या, “आज माझ्या सर्दीवर आपण बारा मिनिटं घालवली. घरी पण असंच असतं का?” घरी तसंच होतं. लहानपणापासून तसंच होतं. माझी थेरपी खरी तिथून सुरू झाली, आणि तिथून पुढचं काय ते मी या सदरात सांगणार नाही.

कामावर काय परिणाम झाला ते मात्र सांगते. दिवाळीला बाई तीन आठवडे सुट्टीवर गेल्या. त्यांनी आठवडाभर आधी सांगितलं आणि मी समजूतदारपणे मान हलवली. परतीच्या गाडीत लोणावळ्यापर्यंत मी रागाने नुसती धुमसत होते. कशाचा राग ते मलाच कळेना. त्या नंतरपासून माझ्या सुट्ट्या मी क्लायंटना महिनाभर आधी सांगते, आणि ‘चालेल ना?’ असं विचारत नाही. ‘चालेल ना’ म्हटलं की त्यांना ‘हो’च म्हणावं लागतं. दुसरं, उठून दाराशी गेल्यावर महत्त्वाची गोष्ट काढणाऱ्या क्लायंटचा मला फार वैताग यायचा. मीही हात दाराच्या कडीवर ठेवून, पाठमोरी उभी राहून, वडिलांशी बोलणं बंद असल्याचं सांगितलं, ते सहाव्या भेटीत. वैताग गेला असं नाही, पण आता मी शेवटची सात-आठ मिनिटं मोकळी ठेवते.

आता ती मुलगी. तिच्याबाबतीत जे झालं ते दोन ठिकाणी न्यायला लागेल. तिच्यासमोर पुढे काय करायचं, हे सुपरव्हिजनचं काम. तिच्या बोलण्याने तुमच्यात काय हललं, हे थेरपीचं. थेरपीत तिचं नाव, शाळा, घर काही सांगू नका. सांगायची गरजही पडत नाही. आणि ती पुढच्या वेळी येईल तेव्हा, मॅडमशी बोलून, इतकंच म्हणता येईल, “मागच्या वेळी मीच जास्त बोलले. तुझं राहून गेलं. पुढे सांगायचं असलं तर मी ऐकते.” मोठ्या माणसाने चूक कबूल केलेली पाहणं, हे दारुड्या बापाच्या घरातल्या मुलीच्या वाट्याला फारसं येत नाही.

आणि तुमच्या पत्रातलं एक वाक्य. ‘माझे वडील पाच वर्षांपूर्वी गेले, पण ते कारण नाही.’ कारण आहे का, असं कोणी विचारलं होतं? पत्रात त्याच्या आधी आई आहे, नंतर ‘जाऊ का’ आहे. मधे वडील आले आणि लगेच गेलेही. एका पत्रावरून मी काही अंदाज बांधणार नाही. तसं करणारे सल्लागार मला आवडत नाहीत, आणि ते खरंच कारण नसेलही. पण क्लायंटच्या तोंडून हे वाक्य आलं असतं तर तुम्ही वहीत त्याच्याखाली रेघ मारली असती. तुमच्या थेरपिस्टना ते जसंच्या तसं सांगा, केस हिस्टरी न करता. माझ्यासारखी दाराशी जाऊन नको, बसल्या बसल्या सांगा.

कोणाकडे जायचं? सुपरव्हायजरकडे नाही, कॉलेजच्या बाईंकडे नाही, आणि ‘तू माझी घे, मी तुझी घेते’ असं मैत्रिणीशी साटंलोटं तर मुळीच नाही. सांगली-मिरज-कोल्हापूर हा पट्टा आपल्या व्यवसायासाठी एका वाड्याएवढा आहे. इकडे खोकलं की तिकडे ऐकू जातं. तेव्हा लांबचं कोणीतरी ऑनलाइन बघा. घरात बोलता येणार नसेल तर गाडी कुठेतरी सावलीला लावून तीत बसा. माझे निम्मे ऑनलाइन क्लायंट मला सीटबेल्टसकट दिसतात. प्रत्यक्षच भेटायचं असेल, तर पहिल्या फोनवरच विचारा, की दोन क्लायंट समोरासमोर येणार नाहीत अशा वेळा देता का. आणि तरी एखाद्या क्लायंटने पाहिलंच, तर नमस्कार करायचा. दवाखान्यात डॉक्टर भेटतात तसं ते. मार्शा लिनेहान यांनी तर, ज्यांची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी (तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी पद्धत) आपण सगळे शिकतो, २०११ मध्ये त्याच रुग्णालयात उभं राहून जाहीरपणे सांगितलं की सतरा-अठराव्या वर्षी मी इथे पेशंट होते. तुम्ही भाषण करावं असं मी म्हणत नाही. बाकावर दिसण्याला घाबरू नका, एवढंच.

पहिल्या फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. यापूर्वी थेरपिस्ट क्लायंट म्हणून घेतलेत का. एखाद्या कार्यशाळेत आपण भेटलो तर काय करायचं, ओळख दाखवायची की नाही. आणि तुमच्या ओळखीतलं कोणी त्यांच्याकडे येत असेल तर त्या ते कसं सांभाळतात. गुळमुळीत उत्तर मिळालं तर दुसरा नंबर फिरवा. मराठीत बोलता येईल हे बघाच, आणि शक्यतो तुमच्या तिकडच्या मराठीत. पहाटे तीनला जे मनात येतं ते पुण्याच्या प्रमाण भाषेत येत नाही, इंग्रजीत तर नाहीच.

फी पूर्ण द्या. ‘आपण एकाच व्यवसायातले’ म्हणून फुकट बघणारे भेटतील, नम्रपणे नको म्हणा. फुकटच्या खुर्चीत आपण यजमानाची मर्जी राखत बसतो. परवडत नसेल तर फी कमी होते का हे सरळ विचारा, किंवा पंधरा दिवसांतून एकदा जा. तुमच्या क्लायंटनाही तुम्ही हेच सांगता. आणि थेरपीनंतर तासभर तरी स्वतःचा क्लायंट ठेवू नका. मी एकदा ठेवला होता आणि त्याला माझ्या बाईंची वाक्यं ऐकवत बसले होते.

शाळेला सांगायची गरज नाही. आईंचं मात्र काहीतरी करावं लागेल, कारण त्या रोज विचारणार. त्यांना थेरपी समजावत बसू नका, नाहीतर तुमचंच एक सेशन त्यांच्यावर खर्च होईल. ‘गुरुवारी सहा ते सात मी फोन उचलणार नाही, जेवायला थांबू नकोस’ एवढं पुरतं. आमच्या आईला मी शनिवारी मुंबईला क्लास आहे म्हणून सांगितलं होतं. दीड वर्षाने ती म्हणाली, “तो तुझा क्लास संपला का गं? मध्यंतरी घरी बरी वागत होतीस.”

तुमची,
ताई